पाच नगांची पेटी

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. मधल्या काळात कितीतरी राजे आले नि गेले, खाडीनं आपली वाट बदलली, आणि ज्या गावात हे घडलं त्या गावाचं नावही आता कोणाला आठवत नाही. गोष्ट तेवढी राहिली. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकून घटकाभर गप्प बसावं.

खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्यांचं एक गाव होतं. घरं कुडाची, हातपाय मिठानं फाटलेले. सोनं म्हणाल तर साऱ्या गावात गुंजभर निघालं नसतं. काळी पोत आणि तिच्यात दोन पितळी मणी, झालं बायकांचं मंगळसूत्र. पण त्या गावातली एकही मुलगी लग्नाला ओक्याबोक्या गळ्यानं उभी राहत नसे. कारण गावाची एक पेटी होती.

ती कशी आली तेही ऐका. पूर्वी कधीतरी एक फिरता कारागीर तापानं फणफणत गावात येऊन पडला. गावानं त्याला महिनाभर पेज पाजली, जगवलं. जाताना त्यानं पितळेचे पाच नग घडवून दिले. ठुशी, बुगड्या, वाकी, पाटल्या आणि नथ. त्यांच्यावर त्यानं सोन्याचा मुलामा चढवला आणि जमलेल्या बायकांना म्हणाला, "बायांनो, हे सोनं नव्हे. वर नुसता पापुद्रा आहे, कांद्याच्या सालीहून पातळ. सोनं स्वतःला सांभाळतं. याला तुम्ही सांभाळायचं. घाम, पाणी आणि खारा वारा, तिघेही याचे वैरी."

तेव्हापासून रीत पडली. मुखियाची लेक असो की मजुराची, लग्नाच्या दिवशी तेच पाच नग तिच्या अंगावर. त्या एका दिवशी गावात कोणी गरीब नाही, कोणी श्रीमंत नाही. पेटी राखायला एक बाई नेमलेली असे. नवरीच्या अंगावरून नग उतरले, की तिनं हात धुऊन कोरडे करायचे. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं मण्यामण्यातला घाम आणि हळद टिपायची. एकाला एक घासू नये म्हणून प्रत्येक नग वेगळ्या फडक्यात गुंडाळायचा. ओल शोषून घ्यायला पेटीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची, झाकणाच्या फटीला मेण लावायचं. आणि हे सगळं उरकल्यावरच जेवायचं. गाव तिचं पान झाकून ठेवी. ते झाकलेलं पान हाच तिचा मान होता.

अशी एक राखणदारीण म्हातारी झाली आणि तिची दृष्टी गेली. तेव्हा तिनं पेटी आपल्या सुनेच्या, सगुणाच्या हाती दिली.

सगुणा कामाला चपळ, मनानं वाईट नव्हती. पण तिच्या डोळ्यांत राजवाडा भरलेला होता. तिची आई राणीच्या महालात दासी होती. राणीचे दागिने रिठ्याच्या पाण्यात बुचकळून, खळखळून धुताना तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. ती मिठागरात नांदायला आली, पण मनातून ती अजून महालाच्या पायरीवरच बसलेली होती.

तिनं पेटी उघडली आणि खुदकन हसली.

"आत्याबाई, पितळेला एवढा थाट? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! आणि हे तांदूळ कशाला? उंदरांना आवतण?"

म्हातारी म्हणाली, "तांदूळ ओल पितात, पोरी. दर अमावास्येला बदलायचे."

"राणीच्या पेटीत नव्हते हो कधी तांदूळ."

"राणीचं सोनं होतं गं," म्हातारी शांतपणे म्हणाली. "राणीला जपावं लागत नाही. आपल्याला लागतं."

सगुणानं मान डोलावली. आंधळ्या बाईला ती दिसली नाही, आणि खरं सांगायचं तर त्या डोलावण्यात काही अर्थही नव्हता.

पुढच्याच महिन्यात मुखियाच्या मुलीचं लग्न झालं. उन्हं कलली तशी नवरी एकेक नग उतरवून देऊ लागली. सगुणाच्या ओंजळीत घामानं ओली ठुशी, हळदीनं माखलेल्या पाटल्या. तिकडे पंगत बसली होती. वरणाचा वास सुटला होता. वऱ्हाडातली एक बाई सहज म्हणाली, "ही कोण गं? सगळे जेवायला बसले आणि ही उष्टी काढणारीसारखी मागे का?"

एवढंच वाक्य. पण ते सगुणाला झोंबलं. राजवाड्यातली मी, आणि पितळेसाठी उपाशी बसू? तिनं हाती आलेले नग पदरात बांधले आणि सरळ पंगतीत जाऊन बसली. गावच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण लग्नघरात कोण बोलणार? तिचं झाकून ठेवलेलं पान तसंच राहिलं.

घरी आल्यावर तिनं रिठ्याचं पाणी केलं आणि राणीचे दागिने धुवावेत तसे नग त्यात खळखळले. पळभर ते असे झळकले की ती स्वतःशीच म्हणाली, बघा, याला म्हणतात धुणं! मग ओलेच सगळे एका फडक्यात बांधले, पेटीत टाकले, आणि पुरचुंडीतले तांदूळ कोंबड्यांना घातले. मेण लावायचं राहूनच गेलं.

म्हातारी ओसरीवर बसली होती. तिनं विचारलं, "नग पुसून ठेवलेस का गं?"

"ठेवले, आत्याबाई."

"पाचही?"

"पाचही," सगुणा म्हणाली.

म्हातारीचा हात कमरेच्या पिशवीवर होता. तिनं पिशवीची नाडी घट्ट ओढली.

चार महिने पेटी बंद राहिली. दर अमावास्येला म्हातारी विचारी, "पेटी उघडून पाहिलीस का?" आणि सगुणा चुलीकडूनच म्हणे, "पाहिली." खोटं बोलण्याचं असं आहे बघा, पहिल्यांदा जीभ अडखळते, दुसऱ्यांदा ती वाट ओळखते, आणि तिसऱ्यांदा आपण खोटं बोललो हेही तिच्या लक्षात राहत नाही.

मग गोजरीचं लग्न ठरलं.

गोजरी म्हणजे गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवेची एकुलती एक लेक. मायलेकी दोघी परक्यांच्या मिठागरात राबत. गोजरी लहान असल्यापासून गावात लग्न असलं की पेटी उघडताना हटकून हजर. हात लावायची नाही, फक्त बघायची. तिची आई सांगे, "मीसुद्धा हेच घातले होते बरं का. तुझ्या बानं मला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, ते याच ठुशीत." बाप तर तिला आठवतही नव्हता. तिच्या मनात तो त्या ठुशीच्या उजेडातच उभा होता.

लग्नाच्या सकाळी मांडवात बायका जमल्या. खाडीपलीकडून वऱ्हाड आलं होतं. गोजरी पाटावर बसली होती, हळदीनं पिवळी, डोळे पेटीवर. सगुणानं झाकण उचललं, फडक्याची गाठ सोडली.

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

ठुशीचे मणी एकमेकांना चिकटून हिरवा गोळा झाला होता. पाटल्यांवर कळकट काळे डाग. बुगड्यांवरचा मुलामा पापुद्रे होऊन फडक्यालाच लागला होता. वाकी तर ओळखू येईना. आणि नथ? नथ पेटीत नव्हतीच.

गोजरीच्या आईनं कपाळावर हात मारला. "माझ्याच लेकीच्या वेळी? देवा, माझ्याच लेकीच्या वेळी!"

गोजरी मात्र रडली नाही. तिनं हात पुढे केला, ठुशीला एक बोट लावलं, बोटाला हिरवं लागलं, आणि ती त्या बोटाकडे बघत राहिली.

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या पुढे झाली. वयानं मोठी, तिच्या शब्दाला घरात वजन. ती हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इतक्या पोरींच्या अंगावर हे नग झळकले म्हणता, आणि हिच्याच वेळी काळे पडले. दागिनेसुद्धा पायगुण ओळखतात बाई. आम्हाला जरा विचार करायला हवा."

मुलाचा बाप उठून उभा राहिला. त्याची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

सगुणा पंगतीत आधी बसली हे बायकांनी पाहिलं होतं, पण घरी तिनं काय केलं ते कोणी पाहिलं नव्हतं. तिला कळत होतं, आपण गप्प बसलो तर कोणी आपल्याकडे बोट दाखवणार नाही. खारा वारा आहे, जुने नग आहेत, पोरीचं नशीब आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकलेलीच राहिली असती. फक्त तिच्या आत गोजरीचा संसार चिरडला गेला असता.

तिनं सासूकडे पाहिलं. म्हातारीनं चाचपडत एक पाटली उचलली होती. बोटांनी ती चोळली, नाकाशी नेली. मग आपला चेहरा सगुणाच्या दिशेला वळवला आणि ती वाट पाहत राहिली. ते न बघणारे डोळे सगुणाला सोसवेनात.

"थांबा," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "थांबा! पोरीचा काही पायगुण नाही. पाप माझं आहे. मागल्या लग्नात मी नग पुसले नाहीत. आधी पंगतीत बसले. मग ओलेच गाठोड्यात बांधून टाकले. चार महिने पेटी उघडली नाही, आणि दर अमावास्येला माझ्या सासूशी खोटं बोलले. मला वाटलं, पितळच तर आहे."

बोलता बोलता तिनं आपल्या कानातली फुलं काढली. राणीनं तिच्या आईला बक्षीस दिलेली, खऱ्या सोन्याची. ती तिनं गोजरीच्या ओंजळीत ठेवली. "ही घाल, पोरी. हे खरं आहे. हे कधी काळं पडायचं नाही."

गोजरीनं फुलं पाहिली आणि परत केली.

"मला सोनं नको होतं, काकू," ती म्हणाली. "माझ्या आईनं घातलेले हवे होते."

आणि तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सगुणानं फुलं मुठीत घेतली. जन्मभर तिनं सोनं तेवढं मोलाचं मानलं होतं, आणि आज ते भर मांडवात कोणाच्या उपयोगी पडलं नव्हतं.

म्हातारीनं तेव्हा कमरेची पिशवी सोडली. आतून मऊ फडक्याची घडी काढली, घडीतून तांदळाची चिमटीएवढी पुरचुंडी बाजूला केली, आणि तळहातावर नथ धरली. लखलखीत. जणू कालच कारागिरानं दिलेली.

"त्या दिवशी नवरीनं नथ शेवटी उतरवली," ती म्हणाली. "सगुणा पंगतीत होती, म्हणून पोरीनं ती माझ्या हातात आणून दिली. मी चाचपडत पुसली आणि ठेवली. मला वाटलं, सून पेटी उघडेल, चारच नग दिसतील, आणि धावत येऊन विचारेल, 'आत्याबाई, नथ कुठाय?' मी चार अमावास्या वाट पाहिली." ती थांबली. तिनं गोजरीच्या दिशेला तोंड वळवलं. "पण नुसती वाट बघणं हीसुद्धा राखण नव्हेच. ऐकू आलं होतं मला की हिच्या बोलण्यात पाणी मुरतंय. तेव्हाच कान धरायला हवा होता. या पोरीची मीही अपराधी आहे."

मुलाचा बाप इतका वेळ उभाच होता. तो आपल्या बहिणीला म्हणाला, "ऐकलंस ना ताई? मुलीचा दोष नाही. मग घटका कशाला दवडता?"

म्हातारीनं नथ गोजरीच्या आईच्या हाती दिली आणि आईनं ती लेकीच्या नाकात घातली. ओका गळा, ओके हात आणि एकच नथ, अशी गोजरी बोहल्यावर चढली. लग्न लागलं. ती नांदायला गेली आणि सुखानं नांदली.

दुसऱ्या दिवशी सगुणानं चार नग पुढे घेतले. चिंच लावली, राख लावली, बोटं सोलेपर्यंत घासलं. हिरवं गेलं, काळं गेलं, खालून पितळ निघालं. मुलामा मात्र निघाला नाही, कारण जे उरलंच नव्हतं ते निघणार कुठून? आणि त्या कारागिराचं हाड कुठल्या मातीत मिळालं होतं कोणास ठाऊक. त्या दिवसापासून गावातल्या मुली एका नथेवर लग्नाला उभ्या राहू लागल्या.

गावानं सगुणाकडून पेटी काढून घेतली नाही. मुखिया म्हणाला, "जिच्या हातून गेलं, तिच्याइतकं जपणारं आता कोण?" ते खरं ठरलं. दर अमावास्येला तांदूळ बदलले गेले, फटीला मेण लागलं, आणि दर लग्नात पंगत उठून गेल्यावरही एक पान झाकलेलं राहू लागलं.

पुष्कळ वर्षांनी गोजरी आपल्या लेकीला घेऊन खाडी ओलांडून आली. माहेरच्या नथेवरच लेकीचं लग्न लावायचं असा तिचा हट्ट होता. संध्याकाळी नवरीनं नथ उतरवली. सगुणा आता स्वतः म्हातारी झाली होती. तिनं हात धुतले, कोरडे केले, फडकं घेतलं. गोजरी तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, सगळे जेवले. तुम्ही चला की आता."

"झालंच हो," सगुणा म्हणाली, आणि नथेचा शेवटचा मणी तिनं पुन्हा एकदा टिपला. "आधी हिला ठेवते."

गोजरी उठली नाही. पेटीचं झाकण लागेपर्यंत ती तिथंच बसून राहिली, आणि मग ते झाकलेलं पान तिनं स्वतःच्या हातानं वाढून आणलं.

म्हणून सांगतो: सोन्याचं असो की मुलाम्याचं, ज्यावर दुसऱ्याची आस आहे ते आधी नीट राखावं, आणि मगच आपल्या पानावर बसावं.