गावाची ओळख

निंबळकच्या ग्रामसभेत पाणी समितीचा अध्यक्ष निवडायचा होता. घरोघरी फिरून लोकांच्या अडचणी सोडवणाऱ्या फुलवंताचं नाव पुढं येताच माजी सरपंच दौलतराव गरजले, "मला सारं गाव ओळखतं. काल सून होऊन आलेल्या हिला कोण ओळखतं?"

फुलवंता शांतपणे उठली. "खरंय मामा, गाव तुम्हाला ओळखतं. पण तुम्ही गावाला ओळखता का? पुढं बसलेल्या या आजींचं नाव सांगा बरं."

दौलतरावांनी शेजाऱ्याच्या कानाशी लागून विचारलं, "कोण रे ही?"

"या यमुनाक्का," फुलवंता म्हणाली. "महिनाभर यांच्या नळाला पाणी नाही."

यमुनाक्का फणकारल्या, "अरे दौलत, दर निवडणुकीला माझ्या पाया पडतोस की रे! तोंड कधी बघितलंच नाहीस?"

सभा खदखदून हसली आणि फुलवंतासाठी भराभर हात वर झाले.