बिबळ्याच्या खोडावर कोणी बसत नाही

देवराईच्या तोंडाशी तोडलेल्या बिबळ्याच्या झाडाचं हे जुनं खोड आहे. कितीही दमला असाल तरी त्यावर बसू नका. शेजारी दगड आहेत, तिथे टेका. मी शाळेत गेले नाही, अक्षरं चुलीच्या राखेत गिरवली; पण ही गोष्ट माझ्याकडूनच ऐका. गुरव सांगतो त्यात बाई कुठेच नसते.

फार मागे, म्हणे, ऐन आषाढात सगुणीचा बाप वारला. आठ दिवस पाऊस लागलेला, गावात सुकं लाकूड नाही. राईतली वाळकी काडीसुद्धा कोणी उचलत नसे. सगुणीच्या नवऱ्याने, भिवाने, तिथला उभा बिबळा तोडला. पहिल्याच घावाला लाल ओघळ आला. बिबळ्याचा चीक लालच असतो, हे भिवाला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या घावाआधी त्याने हात जोडले, असं सांगतात.

सरण पेटेना. राळ टाकली, तूप ओतलं; नुसता धूर निघे आणि गावाकडे वळे. घरी भिवा छाती धरून आडवा झाला.

"सगुणे, आत कोणीतरी तोडतंय गं."

तिने छातीला कान लावला. ठक्. ठक्. कुऱ्हाडच.

तिने स्वतःच्या बांधावरचं बिबळ्याचं रोप काढलं, धावत येऊन या खोडाशी लावलं. म्हणाली, "तुझं उभं होतं ते आम्ही पाडलं. हे माझ्या खांद्याला लागेपर्यंत मी बसणार नाही. माझ्या माणसाला सोड."

तेवढ्यात मागून, सरणाच्या बाजूने, बापाचा आवाज आला. "दमलीस पोरी. बस जरा."

तिने मागे पाहिलं नाही, बसलीही नाही. धूर सरळ वर गेला. सरण धडधडून पेटलं. घरी भिवाच्या छातीतला आवाज थांबला.

रोप खांद्याला लागायला सात पावसाळे गेले. तोवर ती उभ्याने जेवली, भिंतीला टेकून झोपली. आठव्या वर्षी बसायला गेली, तर गुडघे वळेनात. मरेपर्यंत वळले नाहीत, म्हणे.

आजही आमच्याकडे तिरडीच्या पुढे घरची बाई रोप घेऊन चालते. ते लावते आणि चिता विझेपर्यंत त्याच्याशी उभी राहते. मागून हाक येतेच. आमच्या ह्यांच्या वेळी मलाही आली. "तुळसे, बस की आता." हुबेहूब त्यांचाच आवाज. गुडघे वाकायलाच आले होते.

पण जन्मभरात त्या माणसाने मला एकदाही बस म्हटलं नव्हतं. उभी राहिले.