महाराजांचं घंगाळ आणि पेटती कढई

"सूर्य मावळायच्या आत सोनकोटची वेस ओलांड, नाहीतर फटके खा," राजे रत्नाजीरावांनी फर्मावलं, आणि मुदपाकखान्यातल्या म्हाताऱ्या आचारी नारबाने खांद्यावरचं फडकं उतरवून खाली ठेवलं. त्याचा गुन्हा काय? सकाळी पुऱ्या तळताना कढईतल्या तेलाने पेट घेतला आणि त्याने झाकण ठेवून आग विझवली. पाणी वापरलं नाही!

महाराजांनी सहा महिन्यांपूर्वी आग विझवायचा पितळी बंब करवून घेतला होता. चार बैलांनी तो ओढायचा, आठ गड्यांनी दट्ट्या मारायचा, की पाण्याची धार थेट नगारखान्यापर्यंत पोचायची. लगेच हुकूम सुटला : आग दिसली की बंबाचं पाणी, दुसरं काहीही नाही. गवताची गंजी विझली, लोहाराचं छप्पर वाचलं, तिथवर ठीक होतं. पुढे पुरोहितबुवांचं होमकुंडही विझलं, बुवांसकट. तेव्हापासून बंबाची चाकं वाजली की बुवा आधी पोथी पोटाशी धरत.

नारबाची लेक सगुणा पोळ्या लाटता लाटता उठून तशीच पिठाच्या हातांनी दरबारात आली होती. बापाचं सगळं आयुष्य त्या चुलींपुढे गेलं होतं. या वयात तो जाणार कुठे? ती थेट महाराजांपुढे उभी राहिली.

"महाराज, लाकूड पेटलं तर पाणी बरोबर. तेल पेटलं तर झाकण. पेटत्या तेलात पाणी पडलं की आग विझत नाही, उडते."

"माझ्या बंबाला अक्कल शिकवतेस?"

"बंबाला नाही, महाराज."

दरबारात दोघातिघांना एकदम खोकला आला. नारबाला पकडून आणणारा कोतवाल हैबतराव मात्र तावातावाने पुढे झाला. त्याने चौकात चूल मांडून कढई पेटवायला लावली, मिशीला पीळ दिला आणि चार पावलांवरून तांब्याभर पाणी फेकलं. असा भडका उडाला, की वरचा मांडव जेमतेम वाचला. कोतवालाची उजवी मिशी वाचली नाही.

"पाण्याचा दोष नाही," महाराज म्हणाले. "कोतवालाचा नेम चुकला."

महाराज मागे हटत नव्हते, उलट त्यांना जोर चढला.

"पोरी, तूच विझव ती कढई. झाकण नाही, वाळू नाही, घोंगडी नाही. बंबातलंच पाणी हवं. आणि कुणाच्या अंगावर एक ठिणगी उडता कामा नये. जमलं तर तुझा बाप राहील, नाहीतर दोघंही चालू लागा."

सगुणाने अजून पेटत असलेल्या कढईकडे पाहिलं, चौकाच्या कडेला उभ्या बंबाकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"पाणी न्यायला भांडं तर लागेल ना, महाराज? तुमचं अंघोळीचं घंगाळ मिळेल?"

"ने की."

भलंमोठं तांब्याचं घंगाळ आलं. सगुणाने ते बंबाच्या पाण्याने निम्मं भरून घेतलं. मग लांब आकड्याने चुलीतली जळती लाकडं बाहेर ओढली आणि दूर नेऊन टाकली.

"ही बंबाला द्या. हा त्याचा घास."

बंबाची धार सुटली, लाकडं चुर्रकन विझली. महाराजांची छाती फुगली. कढई मात्र धडधडत होती.

सगुणाने घंगाळाच्या दोन कड्यांतून लांब बांबू ओवला. एक टोक तिच्या खांद्यावर, दुसरं नारबाच्या. दोडक्याची भाजी वाफेवर शिजवताना ती रोज ताटलीत पाणी घालून पातेल्यावर ठेवायची, तेच आज जरा मोठ्या मापाने करायचं होतं. बापलेकीने घंगाळ बाजूने अलगद कढईवर नेलं आणि तोंडावर बरोबर टेकवलं. काठाशी एकदोन ज्वाळा लवलवल्या आणि आग गप झाली. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

"लबाडी!" कोतवाल उरलेल्या मिशीवर हात ठेवून ओरडला. "हे तर झाकण झालं!"

"मी झाकण नको म्हणालो होतो," महाराजही गरजले. नारबाने डोळे मिटून घेतले.

सगुणाने हात जोडले. "माफी असावी. हे झाकण आहे हे मला ठाऊक नव्हतं. महाराज रोज सकाळी झाकणात अंघोळ करतात का?"

महाराजांनी घंगाळाकडे पाहिलं, कोतवालाच्या अर्ध्या मिशीकडे पाहिलं, आणि त्यांच्या पोटातून जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "नारबा, जा बाबा, पुऱ्या तळ. आणि पोरी, आजपासून बंबखाना तुझ्या हाताखाली. कशाला पाणी, कशाला झाकण, ते तू सांगायचंस."

"आणि हे घंगाळ?"

"ते तुला बक्षीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंबाच्या एका बाजूला वाळूच्या टोपल्या, घोंगड्या आणि लहानमोठी झाकणं टांगलेली होती. दुसऱ्या बाजूला, आठ गडी दट्ट्या मारत असताना, राजे रत्नाजीराव धारेखाली उभे राहून अंघोळ करत होते.