झिजलेलं तांबं

"जुने तीन ढब्बू द्या आणि नवा एक घेऊन जा! शुक्रवारनंतर जुना ढब्बू बंद!"

दवंडी ऐकून कुंभेरीच्या लोकांच्या तोंडचं पाणीच पळालं. ढब्बू म्हणजे तिथला तांब्याचा जाडजूड पैसा. जुन्या ढब्बूवर थोरल्या महाराजांचा छाप होता. धाकटे महाराज गादीवर बसले आणि त्यांना नाण्यावर आपलं तोंड हवंसं झालं. छापही असा ठसठशीत काढवला, की नाक वर आलं आणि ढब्बू एकावर एक राहीनात!

नाकाचं एक वेळ सोडा, पण तिनास एक हा कुठला न्याय? हे विचारायला दरबारात गेली भिवरा भडभुंजीण.

भिवरा चणे भाजून विकायची. तिच्या कढईला भोक पडलं होतं. तापलेली वाळू गळून चुलीत पडायची आणि विस्तव विझायचा. नव्या कढईसाठी तिने पोटाला चिमटा घेऊन तीनशे ढब्बू साठवले होते. त्यांचे शंभरच झाले, तर कढईचा नुसता कान यायचा! आणि कढई नाही, तर धंदा नाही.

"सरकार," ती म्हणाली, "तीन मापं चणे घेऊन मी एक माप फुटाणे दिले, तर गिऱ्हाईक मलाच भट्टीत घालील!"

महाराजांनी तिच्या गाठोड्यातला एक ढब्बू उचलला. "हे बघ, थोरल्या महाराजांच्या मिशा पार पुसल्या गेल्यात. तांबं झिजलं, तशी किंमतही झिजली!"

"मग झिजलेलं तांबं काय मी खाल्लं?"

महाराज हट्टाला पेटले. "नाही ना खाल्लंस? मग आणून टाक तराजूत! जेवढं भरेल, तेवढ्या वजनाचे नवे ढब्बू तोलून देतो. नाही आणलंस, तर तिनास एक!"

दरबार खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने हसला नाणी पारखणारा पोतदार अंताजी. तिनास एकची अक्कल त्याचीच होती.

"शब्द फिरवणार नाही ना, सरकार?"

"राजाचा शब्द आहे!"

"मग मोठा तराजू काढून ठेवा," म्हणत भिवरा निघाली.

तासाभराने ती परत आली. मागे चार हमाल धापा टाकत एक भलाथोरला काळा दगड घेऊन येत होते. दगडाची वरची बाजू लालसर चकाकत होती.

"अगं ए भवानी!" अंताजी ओरडला. "हा तर माझ्या कचेरीतला दगड!"

"कशाचा दगड, ते सांगा की महाराजांना."

"ढब्बू पारखायचा! महाराज, वीस वर्षं झाली, शेतसाऱ्यात आलेला एकेक ढब्बू मी यावर घासून पाहतो. एकदा नाही, तीन-तीनदा! एकही सुटला नाही माझ्या हातून!" छाती फुगवून अंताजी बोलून गेला. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं.

"ऐकलंत, सरकार? झिजलेलं तांबं सापडलं! टाका तराजूत!"

"थांब!" महाराज गडबडले. "दगड कशाला तोलायचा? तांबं तेवढं खरवडून काढ."

"काढते की! पण खरवडताना ते आणखी झिजणार. मग तुम्ही म्हणाल, आता हे झिजलेलं आण!"

महाराजांनी बोटांवर हिशेब केला. दगडाच्या वजनाचे ढब्बू द्यायचे, तर खजिन्याला झाडू मारायची वेळ!

"अगं, पण हे तांबं तुझ्या एकटीचं थोडंच आहे? यात साऱ्या गावाचे ढब्बू झिजलेत!"

"मग साऱ्या गावाला द्या! मी कुठं एकटीला मागतेय? दगड तोलून द्या, नाहीतर सगळ्यांना एकास एक द्या. तुम्हाला स्वस्त पडेल ते करा!"

महाराजांनी दगडाकडे पाहिलं, अंताजीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता पगडी कानावर आली.

"बदला रे ती दवंडी! एकास एक! आणि मुदपाकखान्यातली सगळ्यात मोठी कढई हिला द्या!"

"आणि हमालांची मजुरी?" भिवराने विचारलं.

"अंताजी देईल!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणायचीही, आणि परत न्यायचीही!"