कोंडलेली धाप

खूप जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही मनात ठेवावी.

डोंगरावरच्या तळ्याचा बांध खचू लागला, तेव्हा राखणदाराने जासुदाला राजधानीकडे पिटाळले. "महाराजांना सांग, नदीचं पाणी डाव्या काठावर चढेल. तिथली माणसं उजव्या काठावर न्या."

जासूद जिवाच्या आकांताने धावला. वाटभर तेवढेच घोकत होता.

दरबाराच्या दाराशी त्याचा ऊर भात्यासारखा वरखाली होत होता. द्वारपालाने त्याला अडवले. "महाराजांसमोर धापा टाकायच्या नाहीत. इथली रीत आहे. आधी निरोप, मग श्वास."

जासुदाने ओठ घट्ट मिटले, श्वास कोंडला आणि आत जाऊन मुजरा केला. मान वर केली, तर समोर दोन महाराज. कोणाशी बोलावे ते त्याला कळेना.

"बोल," दोघेही म्हणाले.

"पाणी येतंय. डाव्या... नाही, उजव्या... माणसं तिकडून इकडे..." शब्द तोंडाशी येत आणि उलटेपालटे होत. पाठ केलेला निरोप गेला कुठे? नदीला काठ किती असतात, हेही त्याला आठवेना.

"प्यालाय हा," एक सरदार म्हणाला. जासुदालाही वाटले, प्यालो असेन.

महाराज गोंधळले. "डावा की उजवा? चुकीच्या काठावर माणसं नेली, तर मीच त्यांना बुडवीन."

म्हातारे राजवैद्य पुढे आले. "तोंड उघड, बाळा. खुशाल धापा टाक."

"दरबारात घोड्यासारखं फुरफुरायचं?" दिवाण म्हणाले.

"धावून आलेला घोडा फुरफुरतोच, दिवाणजी. धावताना अंगात आंबटपणा वाढतो. रक्तातला क्षार त्यातला थोडा मारतो, श्वास बराचसा बाहेर टाकतो, उरलेला मूत्रपिंडं सावकाश लघवीवाटे काढतात. यातलं सगळ्यात झटपट दार आपणच बंद केलं. मग याचं डोकं कसं चालेल?"

जासूद धापा टाकू लागला. दरबार अवघडून ऐकत राहिला. हळूहळू दोन महाराजांचे एक झाले. नदीला तिचे काठ परत मिळाले.

"पाणी डाव्या काठावर चढेल," तो म्हणाला. "तिथली माणसं उजवीकडे न्या."

माणसे वाचली. गोठ्यातली गुरे सोडायला मात्र वेळ उरला नाही. तो रीत पाळण्यात गेला होता.

तेव्हापासून द्वारपाल धावून आलेल्याला दाराशी बसवतो आणि म्हणतो, "आधी श्वास, मग निरोप."

तात्पर्य: शरीराची धडपड आपल्याला गोंधळ वाटते, पण बिघडलेला तोल शरीर तिनेच सावरते; तिला अडवू नये.