डोलकाठीखालचा नारळ

टोपीकरांची जहाजं कोकण किनाऱ्यावर घिरट्या घालीत, तेव्हाची गोष्ट. त्यांनी मराठी आरमारातलं एक जहाज, भगवंती नावाची लढाऊ गुराब, पकडली, तिचं नाव खरवडलं नि आपलं निशाण चढवलं. भगवंती धुमसत नांगराला म्हणाली, "वादळ येऊ दे. सगळे सांधे सैल सोडते नि या मेल्यांना तळाशी नेते."

डागडुजीला त्यांचा म्हातारा सुतार बार्नबी आला. डोलकाठीच्या बुंध्याशी त्याला हळदकुंकवाचा वाळका नारळ सापडला. भगवंतीला बांधणाऱ्या धाकू सुताराने काहीतरी पुटपुटत तो तिथे ठेवला होता.

खलाशी म्हणाले, "फेक तो पाण्यात."

"हिला घडवणाऱ्याने काही मागून हा ठेवलाय," बार्नबी म्हणाला. "सुताराचं मागणं सुताराने मोडू नये." त्याने नारळ पुसून होता तिथेच ठेवला.

आठवड्याने, बार्नबी जहाजावर असतानाच, वादळ उठलं. नांगर म्हणाला, "काय गं, सोडतेस ना सांधे?"

भगवंतीने फळीला फळी घट्ट आवळून धरली. "माझ्या धाकूला त्या म्हाताऱ्याने माझ्या पोटात राहू दिलं. त्याला कशी बुडवू? आणि धाकूने मागितलं होतं तरी काय? हिच्यात बसेल तो घरी पोचू दे, एवढंच."