दगडावर बोलला तो भाव

चार दिवस डोकं खाल्लंत माझं, गोष्ट सांगा, गोष्ट सांगा. पोरांना करमत नाही आणि मोठ्यांना कामं नाहीत, म्हणून मी घसा कोरडा करायचा. बरं, घ्या. मधे कुणी 'पुढे काय झालं' विचारलं तर तिथेच थांबेन. आणि फोनवरून पुढे ढकलायची असेल तर पुरती ढकला, शेपूट तोडून नको.

फार पूर्वी, तुमच्या आजाच्या आजालाही आठवणार नाही इतकं पूर्वी, एका नदीकाठी एक पेठ होती. नदीच्या अलीकडे, म्हणजे पेठेच्या बाजूला, एक राजा, पलीकडे दुसरा. दोघांचं पटत नव्हतं, त्यामुळे नाणंही एक नव्हतं. अलीकडच्या नाण्यावर हत्ती, पलीकडच्या नाण्यावर मासा. अलीकडे भात पिकायचा, पलीकडे मीठ. आता बिनमिठाचा भात किती दिवस गिळणार? म्हणून राजे भांडत बसले आणि लोक नदी ओलांडत राहिले.

पेठेच्या मधोमध एक काळा दगड होता. बसून बसून गुळगुळीत झालेला. त्या दगडावर एक म्हातारा सराफ बसायचा. सराफ म्हणजे दागिनेवाला नव्हे. हा नाणी बदलून द्यायचा. तुम्ही हत्ती द्या, तो मासे मोजणार. तुम्ही मासे द्या, तो हत्ती मोजणार.

रोज सकाळी तो दगडावर उभा राहायचा आणि ओरडायचा, "आज एका हत्तीला मासे अकरा!" की झाला पेठेचा भाव. दगडाचा कायदा एकच होता आणि तो दोन्ही राजांच्या आधीपासूनचा होता. दगडावरून ज्या दिवसाचा भाव बोललात, त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत तो तुम्हीच द्यायचा. मागाहून जीभ चावायची नाही.

भाव हलायचा तो पावसाने. नदी उतरली की जो तो मीठ आणायला पलीकडे निघायचा. पलीकडे मासाच चालतो, म्हणून माशाला मान. हत्तीला आठच मासे. नदी फुगली की नाव बंद. मग मासा कनवटीला लावून करायचं काय? हत्तीला वीस मासे घ्या, नाही तर राहू द्या.

त्यामुळे त्या पेठेत माणूस माणसाला भेटला की दोनच गोष्टी विचारायचा.

"काय म्हणतो पाऊस?"

"पाऊस म्हणतो, तुझं घर शाकारलंस का? मासा काय म्हणतो?"

"मासा पावसाला विचारून सांगतो म्हणाला."

आणि मग खीः खीः. रोज तोच विनोद. लोकांना कंटाळा कसा येत नाही कोण जाणे.

त्या वर्षी पावसाचं डोकं फिरलं होतं. दिवाळी झाली तरी जाईना. सकाळी ऊन म्हणून वाळवण घालावं तर दुपारी अंगणात डबकं. छत्री घेतली की ऊन, घरी ठेवली की धो धो. लोक रडकुंडीला आले. दगडापाशी येऊन म्हाताऱ्याला विचारायचे, "आजोबा, उद्या भाव काय राहील हो?"

"उद्या या, सांगतो."

"पण पाऊस पडेल का?"

"पडला की भिजशील. तेव्हा कळेल."

घरी म्हातारी कपाळाला हात लावायची. "अहो, दोन गोड शब्द बोलला तर जीभ झिजेल का तुमची?"

"गोड पाहिजे त्याने गूळ घ्यावा. माझ्याकडे भाव मिळतो."

"सांगायचं काहीतरी. पडेल म्हणायचं, नाही तर नाही म्हणायचं. दोनातलं एक तरी खरं होतंच."

"अगं, ठाऊक नाही ते ठाऊक आहे म्हणू? मग आजचं सांगेन तेही कोण खरं मानेल?"

म्हातारीने नाक मुरडलं.

अशात पेठेत एक रेशमी पागोटेवाला आला. कुठला, कोण, काही पत्ता नाही. दगडाच्या शेजारी त्याने गालिचा अंथरला आणि डोळे मिटून म्हणाला, "उद्या ऊन. हत्तीला मासे नऊ."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, भाव नऊ निघाला. मग तो म्हणाला, उद्या सरी. सरी आल्या. पुन्हा म्हणाला, ऊन. पुन्हा ऊन. झालं! पेठ वेडी झाली. लोक सुपारी ठेवू लागले, नारळ ठेवू लागले, महाराज महाराज करू लागले.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "उद्या कडक ऊन." एका मीठवालीने ते ऐकलं आणि ओलं झालेलं सगळं मीठ सकाळी नदीच्या वाळवंटात पसरलं. दुपारी असा पाऊस कोसळला की तासाभरात तिथे मीठ नव्हतं, नुसतं पांढरं पाणी वाहत होतं.

बाई रडत आली. "महाराज, तुम्ही ऊन म्हणालात."

पागोटेवाला हसला. "ऊन पडलंच की, मावशी. डोंगराच्या पलीकडे. आपल्याच वाळवंटात पडेल असं मी कधी म्हटलं?"

आणि लोक हसले. बाईचं वर्षाचं मीठ गेलं आणि लोक हसले, काय हजरजबाबी माणूस म्हणून! म्हातारा दगडावरून हे बघत होता. त्याच्या हातातलं नाणं हातातच राहिलं.

पेठेचा कारभार शेट्यांकडे होता. शेटे म्हणजे पेठेचा मुखिया. पोट मोठं, कान त्याहून मोठे. त्या संध्याकाळी ते दगडापाशी आले.

"म्हातारबा, पेठेची लाज चालली आहे. बाहेरगावचे लोक विचारतात, तुमचा सराफ उद्याचं का सांगत नाही?"

"सांगतो की. उद्या."

"थट्टा नको. परवा बाजाराचा दिवस आहे. सगळ्यांसमोर उद्याचा भाव आणि उद्याचा पाऊस सांगा. नाही तर दगडावरून उतरा. तिथे महाराजांना बसवतो. माझी पाचशे हत्तींची पेटी त्यांच्यामागे ठेवणार आहे मी. उद्याचं कळणारा माणूस बुडतो का कधी?"

चाळीस वर्षं म्हातारा त्या दगडावर बसला होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं. शेत नाही, होडी नाही. दगड गेला तर दोघांनी खायचं काय? तो घरी गेला आणि म्हातारीला सगळं सांगितलं.

म्हातारीने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "सांगून टाका काहीतरी. सगळेच सांगतात."

"मीठवालीचं तोंड पाहिलंस का तू?"

म्हातारी उठली, फडताळातून जुनं पोतं काढलं आणि झटकायला लागली.

"हे कशाला?"

"खाली बसायची वेळ आली तर लागेल. दगडाशिवाय जमीन गार लागते तुम्हाला."

बाजाराचा दिवस उजाडला. पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारा दगडावर उभा राहिला. आधी आजचा भाव सांगितला, हत्तीला मासे दहा. मग छाती भरून ओरडला, "आता उद्याचं ऐका! उद्याचा भाव मला ठाऊक नाही! उद्याचा पाऊस मला ठाऊक नाही! आणि इथे जमलेल्या एकालाही ठाऊक नाही! दगडावरून बोललोय. कुणाच्या बापाला भीत नाही!"

एकच हशा उसळला. शेटे लालबुंद झाले. "उतर! उतर खाली!"

म्हातारा उतरला. मान खाली घातली नाही. दगडाच्या बाजूला त्याने पोतं अंथरलं, त्यावर मांडी घातली आणि समोर नाण्यांची पिशवी ठेवली.

"इथे काय करतोस?" शेटे ओरडले.

"दगड तुमचा. जमीन देवाची. बसलोय."

शेट्यांनी तोंड फिरवलं आणि पागोटेवाल्याला हात जोडले. "महाराज, चढा."

पागोटेवाला चुळबुळला. "मी आपला गालिच्यावरूनच सांगतो."

तेवढ्यात मीठवाली गर्दीतून पुढे आली. "का महाराज? दगड टोचतो का? तुम्हाला तर उद्याचं दिसतं. चढा की!"

"चढा! चढा!" गर्दी ओरडली. चढणं भाग पडलं. वर उभं राहिल्यावर मात्र त्याला बरं वाटलं. सगळी पेठ पायाशी, पुढ्यात पाचशे हत्तींची पेटी. दोन्ही हात वर करून तो गरजला, "उद्या कडक ऊन! उद्या हत्तीला मासे आठ!"

पिढ्यान् पिढ्या दगडावरून फक्त त्याच दिवसाचा भाव बोलला गेला होता. उद्याचा बोलायचं धाडस कुणी केलं नव्हतं, त्यामुळे कायदा उद्यालाही लागतो हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पागोटेवाला तर परकाच. त्याला कायदाच माहीत नव्हता. म्हातारा पोत्यावरून म्हणाला, "शेटे, ऐकलंत ना? दगडावरून बोलला."

"ऐकलं! पेटीसकट ऐकलं!" शेटे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच ऊन पडलं. पागोटेवाला मिशीला पीळ देत दगडावर बसला. सूर्य कासराभर वर आला आणि कुठून कोण जाणे, आभाळ फाटलं. घटकाभरात नदी घाटाच्या पायऱ्या चढायला लागली. नावाड्यांनी नावा झाडांना बांधल्या. म्हातारा पोत्यावर भिजत उठला आणि ओरडला, "हत्तीला मासे वीस!"

मीठवाली मात्र त्याच्याकडे गेली नाही. ओटीत होते नव्हते ते मासे घेऊन ती दगडासमोर उभी राहिली. "महाराज, हे आठ मासे घ्या, एक हत्ती द्या. हे आणखी आठ घ्या, आणखी एक द्या."

"मावशी, भाव बदलला ना. पाऊस दिसत नाही का?"

"पाऊस राहू द्या डोंगरापलीकडे. दगडावरून आठ बोललात. आठ मोजा."

मग रांग लागली. कुणी मडक्यातले मासे आणले, कुणी उशीतले, कुणी देवघरातले. पागोटेवाला घामाघूम. पावसातही माणसाला घाम येतो, हे त्या दिवशी लोकांनी पाहिलं. त्याने शेट्यांकडे पाहिलं. शेट्यांनी पेटीकडे पाहिलं. आणि पेटीच्या झाकणावर हात ठेवून शेटे म्हणाले, "अतिवृष्टी झाली आहे. आजच्या दिवस दगडाचा कायदा बंद!"

पोत्यावरचा म्हातारा ताडकन उठला. अंगातून पाणी निथळत होतं, पण आवाज सबंध पेठेला ऐकू गेला.

"शेटे, हात काढा! चाळीस वर्षं मी बोललो ते दिलं. दुष्काळात दिलं, पुरात दिलं. एकदा चूक झाली आणि बायकोच्या पाटल्या गेल्या, तरी दिलं. आज दगड खोटा पडला तर उद्या या पेठेत कोण नाणं टाकील? पेठ तुमच्या पेटीवर उभी नाही, या दगडावर उभी आहे. मला उतरवलंत, उतरलो. दगडाला उतरवून दाखवा!"

मीठवाली होती तिथेच चिखलात बसली. तिच्या मागे नावाडी बसले, कुंभार बसले, सगळी रांग बसली. एवढा पाऊस, पण एकही माणूस आडोशाला गेला नाही. शेट्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. शेवटी झाकणावरचा हात काढला.

सूर्य बुडाला तेव्हा पेटीत एकही हत्ती नव्हता. होते ते चार हजार मासे, नदी उतरेपर्यंत कुणाला नको असलेले. पागोटेवाला केव्हा पसार झाला ते कुणाला कळलंच नाही. गालिचा भिजून तिथेच पडला होता. लोक त्याला पाय पुसत घरी गेले.

दोन दिवसांनी शेटे शेला आणि नारळ घेऊन पोत्यापाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "चला, म्हातारबा, बसा आपल्या दगडावर. झालं गेलं विसरा."

"शेला नको. नारळही नको. ज्या बाजारात मला 'उतर' म्हणालात, त्याच बाजारात 'चुकलो' म्हणा. तीन अक्षरं आहेत."

शेट्यांनी तोंड उघडलं, मिटलं. इकडेतिकडे पाहिलं. म्हणाले, "उद्या बघू."

"उद्याचं मला ठाऊक नाही," म्हातारा म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे मासे मोजायला लागला.

तो उद्या काही आला नाही. म्हातारा पोत्यावरच बसला, मरेपर्यंत. आणि पेठ दगड सोडून पोत्याकडे यायला लागली. पोत्यावरून जो भाव बोलला जाई तो पलीकडचा राजाही मानी. दगड रिकामा होता. त्यावर चढायची कुणाची छाती झाली नाही.

तात्पर्य: जो उद्याचं छातीठोक सांगतो, त्याला आधी बोललेलं भरून द्यायच्या जागेवर उभं करा, मग ऐका. आणि 'ठाऊक नाही' म्हणायला जो भीत नाही, त्याच्याकडे बिनघोर व्यवहार करा.

झाली गोष्ट, उठा आता. शेट्याचं 'चुकलो' राहून गेलं, तसं माझंही एकाकडे अडकलंय. पाऊस येईल का ते ठाऊक नाही म्हणालो, तर भरल्या लग्नात मला येडा म्हणाला, आणि पंगत बसताच मांडव भिजला. तीन वर्षं झाली. त्याचं नाव पाहिजे? गुणाजी डोईफोडे.